हेर हंबीरचं पायताण

मी फक्त डावी चप्पल वाकवून बघितली. उजवी बघितली नाही.

चूक एवढीच. पण ती मी जाड काळ्या अक्षरांत छापून घेतली, काचेच्या पेटीशेजारी लावली आणि तिच्याजवळ उभा राहून स्वतःचा फोटोही काढून घेतला. पस्तीस वर्षं मी हायस्कुलात इतिहास शिकवला. "दोन्ही बाजू तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये" हे वाक्य फळ्यावर लिहून लिहून माझा उजवा खांदा दुखायला लागला. निवृत्तीनंतर एकदाच खराखुरा पुरावा हातात आला, तर त्याची एकच बाजू तपासली आणि निष्कर्षाची पाटी ठोकून मोकळा झालो.

पाटीवरचा मजकूर असा होता: 'हेर हंबीर याच्या चपला. कारागीर अज्ञात. चित्रपटात ऐकू येणारी करकर मूळ चपलांची नसून ती नंतर ध्वनिमुद्रणाच्या वेळी भरण्यात आली.'

ज्याच्या बापाला मी अज्ञात ठरवलं, त्याच्याच दुकानातून मी तीस वर्षं चपला घेत होतो. त्या माणसाबद्दल सांगायचं आहे. दत्तूआण्णा.

पण आधी हंबीरचं सांगतो, म्हणजे बाहेरगावच्यांची पंचाईत व्हायला नको. आमच्या लहानपणी कोल्हापुरात पाच चित्रपट निघाले आणि पाचांचा नायक एकच, हंबीर नावाचा गुप्तहेर. अंगात कोट, गळ्यात टाय, डोळ्याला काळा गॉगल आणि पायात करकरणारी कोल्हापुरी. देशाच्या शत्रूंचा माग काढत तो जगभर हिंडायचा, आणि ते सगळं जग पन्हाळ्यापासून रंकाळ्यापर्यंत मावायचं. पन्हाळ्यावर धुकं उतरलं की ते लंडन. रंकाळ्याच्या काठाला एक रंगीत छत्री रोवली की जिनिव्हा. चौथ्या भागात हंबीर जिनिव्हाच्या सरोवराकाठी शत्रूच्या बाईशी गोड बोलत असतो, तेवढ्यात मागून एक म्हैस शांतपणे पाण्यातून वर येते, थेट कॅमेऱ्यात बघते आणि निघून जाते. जिनिव्हात म्हशी नसतात हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं, आणि खरं सांगतो, वाईट वाटलं.

हेरानं करकरत कसं काय हिंडायचं, असा प्रश्न पुण्याकडचे लोक विचारतात. आमचे बशीरभाई त्याचं उत्तर एका दमात देतात. "हंबीर आलाय हे दुश्मनाला कळाय नको व्हय? चोरावानी जाऊन मारण्यात काय मर्दानगी?" बशीरभाई थिएटरातले जुने ऑपरेटर. पाचही भाग त्यांनी स्वतःच्या हातानं पडद्यावर आणलेत, त्यामुळे हंबीरबाबत आमच्यात त्यांचा शब्द शेवटचा. आमच्यात म्हणजे हेर हंबीर प्रेमी मंडळात. सभासद आठ. अध्यक्ष मी, कारण माझं अक्षर चांगलं आहे.

गावातल्या एका छोट्या संग्रहालयानं हंबीरच्या चित्रपटांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. हंबीरचं काम केलेल्या नटाच्या घरच्यांनी कोट दिला, गॉगल दिला, लाकडी पिस्तूल दिलं आणि चपलांचा एक जोड दिला. संग्रहालयाचं काम बघायला पुण्याहून गायत्री मॅडम आल्या होत्या. तरुण, हुशार, बोलायला मऊ. वस्तूंच्या पाट्या लिहायला स्थानिक जाणकार कुणी मिळेल का, असं त्यांनी मंडळाच्या बैठकीत विचारलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर होता.

आता आण्णा.

त्यांचं दुकान चप्पल लाईनीच्या शेवटी, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं एवढं. आत ते मांडी घालून बसायचे, मांडीवर चामड्याचा तुकडा, हातात आरी. खिळा त्यांच्या दुकानात भिंतीला सुद्धा नव्हता. सगळं शिवण वादीचं, म्हणजे चामड्याच्याच बारीक पट्टीचं. पट्ट्यावर चामड्याची वेणी घालायचं काम सून रेखावहिनी करायच्या आणि आण्णा ते बघून दर वेळी म्हणायचे, "माज्यापरास बरं करतीया." समोर कधी नाही, त्या चहा आणायला आत गेल्या की.

आण्णांची पहिली गंमत ही, की ते माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. नजर कायम खाली. देवळात, बाजारात, लग्नात, कुठंही भेटा, आधी पायाकडे बघणार आणि मग नाव घेणार. एकदा मी एका सत्काराहून परत येताना त्यांच्या दुकानात शिरलो. सत्कार माझाच होता, म्हणून पायात बूट होते. आण्णांनी मान न उचलता म्हटलं, "या पावणं, बसा. काय दावू?"

तीस वर्षांची ओळख. मी म्हटलं, "आण्णा, थट्टा करताय काय?"

"न्हाय वो पावणं. कुठल्या गावचं तुमी?"

शेवटी मी बूट काढले, मोजे काढले. आण्णांनी माझ्या अंगठ्याकडे बघितलं आणि चेहरा एकदम फुलला. "आरं मास्तर व्हय! मग बुटात कशाला लपून बसलासा?"

दुसरी गंमत माझ्या संसारात शिरली. डॉक्टरांनी मला रोज पहाटे रंकाळ्याला एक फेरी सांगितली होती. मी रोज निघत होतो, हे खरं. पहिल्या वळणावर चहाची गाडी होती आणि तिथं बाकड्यावर बशीरभाई बसलेले असायचे, हेही खरं. फेरीचा वेळ तिथं बसून काढायचा, तोंडावर पाणी मारायचं आणि धापा टाकत घरी यायचं. पाच महिने हे छान चाललं. मग आमच्या सौभाग्यवतींना, सुमनला, चपला घ्यायच्या होत्या म्हणून दोघं आण्णांकडे गेलो. आण्णांनी सवयीनं माझी चप्पल उचलली, उलटी केली आणि तळावरून अंगठा फिरवला.

"मास्तर, हिंडणं बंद केलासा व्हय?"

"छे छे! रोज जातो. अख्खी फेरी."

"टाच तर कोरी हाय." त्यांनी चप्पल उजेडाकडे धरली. "फुडं अंगठ्याखाली तेवढं घासलंय. बाकड्यावर बसून पाय हालवत ऱ्हायलं की असं घासतंय. आणि ह्यो च्याचा डाग. दोन हायत."

सुमननं चपला पसंत केल्या, पैसे दिले, आण्णांना नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून ती माझ्याबरोबर फिरायला येऊ लागली. हंबीरनं पाच भागांत एकाही शत्रूला जेवढं उघडं पाडलं नाही, तेवढा मी चपलेच्या एका तळावरून उघडा पडलो.

करकरीच्या बाबतीत तर आण्णा फारच कडक. करकर काढायची तर तळाच्या दोन थरांमध्ये एका रानझाडाचं वाळलं बी बसवतात, धंद्यात त्याला विंचू म्हणतात. ते कुठं आणि किती दाबून बसवायचं, यात सगळी कला. गिऱ्हाईक आलं आणि करकरतं पायताण मागितलं की आण्णा चौकशी सुरू करायचे. घरात तान्हं पोर आहे का? आजारी कोण आहे का? कचेरीत साहेब आहेस की शिपाई? एका नव्या नवरदेवाला त्यांनी सरळ परत पाठवलं. "सासू हलक्या झोपंची हाय तुजी, मला ठावं हाय. सहा महिन्यानं ये." पोरगं खरंच सहा महिन्यांनी आलं. आण्णा स्वतः मात्र कायम मुकी चप्पल घालायचे. का, विचारलं तर म्हणायचे, "गिऱ्हाइकाचं वाजू दे. आपलं कशाला?"

हंबीरची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, गिऱ्हाईक नसलेल्या एका दुपारी.

त्यांचे वडील केरबा. आण्णा त्यांना बापू म्हणायचे. आण्णा विशीतले असताना चित्रपटाचे दिग्दर्शक दुकानात आले आणि म्हणाले, माणूस दिसायच्या आधी ऐकू यायला पाहिजे. बापूंनी दोन्ही पायांत विंचू बसवून जोड दिला. पहिल्याच दिवशी हंबीर शत्रूच्या तळावर चोरपावलांनी शिरायचं चित्रीकरण होतं. कर्र, कर्र, कर्र. आवाज घेणाऱ्या माणसानं कानावरचं यंत्र काढून आदळलं. बापलेकांना स्टुडिओत बोलावणं. दिग्दर्शक म्हणाले, आवाज काढून द्या.

"बापू म्हनलं, घातल्याला विंचू आमी काढत न्हाय. दुसरा जोड करून देतो, मुका." आण्णा आरीनं हवेत टाका घालत सांगत होते. "तसाच केला बगा. शेजारी ठेवलं तर वळकाय यायचं न्हाय कंचा बोलका नि कंचा मुका. मग बापूनं आतल्या अंगाला खूण घातली, पट्ट्याच्या बुडाला. बोलक्याला फुलीचा टाका, मुक्याला सरळ टाका."

तिसऱ्या भागात हंबीरला अंधाऱ्या गुहेतून पळवायचं होतं आणि कसं, ते कुणाला सुचेना. पहारेकरी तर करकर ऐकून ओळखणार. बापू कोपऱ्यात चपलांना तेल पाजत बसले होते. ते म्हणाले, "साहेब, एक बोलकं घाला नि एक मुकं. लंगडा वाटंल." हा प्रसंग ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय सांगणार? पडद्यावर मिट्ट काळोख. कर्र... मग काही नाही. कर्र... मग काही नाही. पहारेकरी म्हणतो, "सोड रं, लंगडा भिकारी हाय." आणि हंबीर सुटतो. त्या जागी थिएटरात चिल्लर उधळायची, बशीरभाईंनी स्वतः बघितलंय.

"मग बापूंचं नाव आलं की नाही पडद्यावर?" मी विचारलं होतं.

आण्णांनी आरी खाली ठेवली. बापूंना वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक भागाच्या पहिल्या खेळाला बापलेक जायचे आणि सुरुवातीच्या पाट्या आण्णा मोठ्यानं वाचून दाखवायचे. कथा अमुक. संगीत तमुक. केशभूषा, वेशभूषा. मागून लोक ओरडायचे, "ए, गप बस की!" आण्णा वाचतच राहायचे. पाट्या संपायच्या. बापू विचारायचे, "झालं?" "झालं." "बरं. फुडच्या पिच्चरला यील." पाच वेळा असं झालं. सहावा पिच्चर निघाला नाही आणि बापूही राहिले नाहीत.

हे ऐकून मी काय केलं? मान हलवली आणि मनातल्या मनात त्यावर शेरा मारला: तोंडी माहिती, आधार नाही. माझाही नाइलाज होता. कोल्हापुरात हंबीरशी नातं नसलेला माणूस सापडणं कठीण. खलनायकाची दाढी आपल्याच आज्यानं केली असं सांगणारे मला चार भेटलेत, आणि जिनिव्हातल्या म्हशीचे मालक तर निदान सात.

पाट्या लिहायचं काम मला मिळालंय हे चप्पल लाईनीत समजलं आणि दुसऱ्या दिवशी आण्णा आमच्या दारात उभे राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा. सुमननं आत बोलावलं, ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. नजर माझ्या पायाकडे.

"मास्तर, पाटीवर बापूचं नाव येतंय न्हवं?"

मी आदल्याच दिवशी संग्रहालयात ती चप्पल हातात घेतली होती. पांढरे हातमोजे घालून, मोठ्या ऐटीत. डावी उचलली, वाकवली, कान लावला. आवाज नाही. पुन्हा वाकवली. नाही. झालं, मला शोध लागला! ज्या करकरीवर सगळं गाव पन्नास वर्षं जीव टाकतंय, ती बनावट आहे आणि हे फक्त मला ठाऊक आहे. असा शोध लागल्यावर माणूस उजवी चप्पल कशाला उचलतोय?

मी घसा साफ केला. "आण्णा, इतिहासात पुरावा लागतो."

आण्णांना राग आला नाही. उलट त्यांनी मान डोलावली, जसं काही मी त्यांच्याच मनातलं बोललो. "व्हय. पुरावा पायजेच की." आणि त्या मुक्या चपलांनी जिना उतरून गेले.

सुमन म्हणाली, "अहो, म्हातारा माणूस. एक नाव लिहिलं असतं तर काय शाई संपणार होती?" मी तिला इतिहासलेखनाची शिस्त समजावून सांगायला लागलो. ती भाजी निवडायला उठली.

त्या दिवसांत आण्णांच्या घरात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. मुलगा म्हणत होता, हा धंदा आता बंद करा, गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्यानं देऊ. कुणाला माहीत आहे आपलं नाव? रेखावहिनींच्या मनात नव्हतं, पण बोलून दाखवायची सोय नव्हती. आण्णा एवढंच म्हणाले होते, "संग्रालयात पाटी लागू दे. मग बगू." म्हणजे मी शाई वाचवत होतो तेव्हा तिकडं एक दुकान त्या शाईकडे डोळे लावून बसलं होतं.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी आमचं मंडळ झाडून हजर. बशीरभाई कोट-टाय घालून आले होते, वर काळा गॉगल, त्यामुळे ते दोनदा दारावर आपटले. दालनाला जुनी लाकडी जमीन, म्हणून चपला बाहेर काढायच्या होत्या. आजऱ्याहून आलेलं एक कुटुंब, मुरगूडचे दोन शिक्षक, कॉलेजची पोरं, सगळे अनवाणी, हळू आवाजात एकमेकांना संवाद म्हणून दाखवत फिरत होते. जिनिव्हातल्या म्हशीचा मोठा फोटो लावला होता आणि गर्दी सगळ्यात जास्त तिथंच. मी चपलांच्या पेटीशेजारी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा शोध ऐकवत होतो.

लोक वाचत होते आणि त्यांची तोंडं उतरत होती. आजऱ्याचे एक आजोबा म्हणाले, "म्हंजे आमी टाळ्या वाजवल्या त्या मशिनीला व्हय?" मी गंभीरपणे म्हटलं, "सत्य कटू असतं." हे मला आठवलं की आजही पाय आखडून घ्यावेसे वाटतात.

तेवढ्यात आण्णा आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, काखेत कापडी पिशवी, मागे रेखावहिनी. आण्णा अनवाणी पायांच्या गर्दीतून वाट काढत पेटीशी आले. चष्मा घरी राहिला होता, म्हणून पाटी रेखावहिनींनी वाचून दाखवली. 'कारागीर अज्ञात' याच्यापाशी त्यांचा आवाज बारीक झाला.

आण्णा म्हणाले, "ह्ये खोटं हाय."

गायत्री मॅडम पुढे आल्या. "काय झालं, आजोबा?"

"करकर मशिनीची न्हाय. पायताणाची हाय. माज्या बापाची हाय."

मी अध्यक्ष. मला बोलणं भाग होतं. "आण्णा, मी स्वतः तपासलंय. वाजत नाही."

आण्णांनी पहिल्यांदाच, तीस वर्षांत पहिल्यांदा, मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा समजलं.

"कंचं तपासलासा?"

"चप्पल."

"डावं का उजवं?"

"डावं."

मागून बशीरभाईंनी गॉगल काढला. "लेका मास्तर, तू तिसरा भाग बघितलायस न्हवं?"

तिसरा भाग मी एकोणीस वेळा बघितला होता. कर्र... मग काही नाही. कर्र... मग काही नाही.

आण्णांनी खाली बसून पिशवी सोडली. आत जुन्या धोतराच्या फडक्यात दोन चपला होत्या, अगदी पेटीतल्यांसारख्याच. "ह्यो ऱ्हायल्याला जोड. डावं बोलकं, उजवं मुकं. पेटीतलं शूटिंगला गेलं तवा ह्ये घरात ऱ्हायलं. मास्तर पुरावा मागत होतं, म्हनून सुनंनं चार दिस माळा धुंडला." त्यांनी डावी उचलून दाबली. कर्र! आजऱ्याचे आजोबा दचकले आणि मग लहान पोरासारखे हसले. "आता त्येंच्यातलं डावं मुकं असंल, सरळ टाक्याचं. उजवं बोलकं, फुलीचा टाका, पट्ट्याच्या बुडाला, आतल्या अंगाला. न्हवं, मी हात लावत न्हाय. मॅडमनीच बगावं."

गायत्री मॅडमनी किल्ली आणली. हातमोजे घातले. उजवी चप्पल बाहेर काढली आणि पट्ट्याच्या आत बोट घालून बघितलं. "फुली आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग दोन्ही हातांनी तळ जरासा वाकवला.

आवाज आला नाही.

रेखावहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं. मला काय वाटत होतं ते खरं सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून प्रार्थना करत होतो की मी चुकीचा ठरू दे.

"घाई नगं," आण्णा म्हणाले. आवाज अगदी शांत, दुकानात नव्या गिऱ्हाइकाला बोलावं तसा. "पन्नास वरसं गप हाय ते. टाचंकडनं दाबा. बोटांनी न्हाय, तळहातानं. भार द्या हळूहळू."

मॅडमनी हात सरकवले, हळू भार दिला.

कर्र.

बारीकच होता, कोरडा, पण त्या लाकडी दालनात कोपऱ्यापर्यंत गेला. क्षणभर काही नाही. मग बशीरभाईंनी मोठ्यानं ओरडून पहारेकऱ्याचा संवाद म्हटला, "सोड रं, लंगडा भिकारी हाय!" आणि सगळं दालन टाळ्यांनी आणि शिट्ट्यांनी भरून गेलं. मुरगूडच्या एका शिक्षकानं खिशातली चिल्लर उधळली आणि लगेच वाकून गोळाही केली, संग्रहालय आहे म्हणून.

आण्णा हसत नव्हते. ते मॅडमच्या हातातल्या चपलेकडे बघत होते. म्हणाले, "तहानल्यालं हाय. जरा त्याल पाजलं पायजे." मॅडम म्हणाल्या, संग्रहालयात तसं करता येत नाही, पण ते कसं जपायचं ते तुम्हीच येऊन सांगा. आण्णांनी मान डोलावली. मी पुढं होऊन माफी मागायला लागलो. आण्णांनी माझ्या पायाकडे बघत हात हलवला. "ऱ्हाऊ दे वो. तुमी पुरावा मागितलासा म्हनून तर माळ्यावरनं खाली आलं. न्हायतर उंदरांनी खाल्लं असतं."

नवी पाटी लिहायला मला तीन दिवस लागले. प्रत्येक शब्द आण्णांना, बशीरभाईंना आणि सुमनला दाखवून घेतला. सुमननं 'कदाचित' हा शब्द खोडून टाकला. दोन्ही जोड, चारही चपला, एका पेटीत ठेवल्या. पाटीवर पहिलं नाव केरबांचं. लंगडेपणाची कल्पनाही त्यांचीच, तेही लिहिलं.

महिनाभरात रेखावहिनींकडे करकरत्या चपलांची मागणी इतकी आली की मुलानं मोबाइल कव्हरवाल्याला नाही म्हणून कळवलं. विंचू कसा बसवायचा ते आण्णांनी सुनेला शिकवलं. पहिला जोड तिनं केला तेव्हा त्यांनी तो समोरच, तिच्या तोंडावर, "माज्यापरास बरा" म्हटला. रेखावहिनी गिऱ्हाईक सोडून आत जाऊन रडून आल्या.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी आण्णा परत आले. नेसरीला लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते, दुपारची गाडी होती. लेक कधीपासून बोलवत होती, दुकानापायी जाणं होत नव्हतं. आता दुकान बघणारं माणूस होतं. दालनात मी एकटाच होतो, सामान आवरत. आण्णांनी खिशातून चष्मा काढला, पेटीसमोर उभे राहिले आणि पाटी मोठ्यानं वाचायला लागले. अगदी मोठ्यानं, एकेक शब्द तोडून. त्यांचा चेहरा जरासा डावीकडे वळलेला होता, शेजारच्या खुर्चीत कुणी बसलं असावं तसा. "का-री-गीर, के-र-बा..." शेवटचा शब्द झाला. ते थांबले. मग हळूच म्हणाले, "आलं, बापू."

आम्ही दोघं बाहेर आलो. पायऱ्यांवर चपला घातल्या. माझे डोळे भरून आले होते, मी नीट बघतही नव्हतो. आण्णा उतरायला लागले आणि मला आवाज आला. कर्र. कर्र. दोन्ही पायांचा. जन्मभर मुकं पायताण घातलेला माणूस त्या दिवशी रस्ताभर वाजत निघाला होता. फाटकापर्यंत, फाटकातून बाहेर, उन्हात. एक रिक्षावाला मान वळवून बघायला लागला.

मला राहवेना. वरच्या पायरीवरून मी हाक मारली, "आण्णा! कसं वाटलं?"

ते थांबले. वळले. नेहमीसारखी नजर माझ्या पायावर गेली आणि तिथंच अडकली.

"मास्तर," ते ओरडले, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं, "पायताणं उलटी घातलासा! अजून बी डावं-उजवं कळंना व्हय तुमास्नी?"